तिकीट मतदारच कापतात तेव्हा

१० जून २०१४ च्या रात्री अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात, रिचमंड शहराभोवतीच्या एका मतदारसंघाचा निकाल लागला आणि वॉशिंग्टनमध्ये भल्याभल्यांची बोलती बंद झाली. एरिक कँटर हरले. कँटर म्हणजे प्रतिनिधिगृहातले (अमेरिकी संसदेच्या खालच्या सभागृहातले) रिपब्लिकन पक्षाचे बहुमत नेते. सभापती जॉन बेनर यांच्या खालोखाल त्यांचा नंबर, आणि बेनर यांच्यानंतर खुर्ची यांचीच असं सगळे धरून चालले होते. बरं, हरवलं ते डेमोक्रॅट्सनी नाही. त्यांच्याच पक्षाच्या मतदारांनी, पक्षाचा उमेदवार ठरवण्याच्या फेरीतच, म्हणजे प्रायमरीत, त्यांना घरी बसवलं. हरवणारे डेव्ह ब्रॅट हे जवळच्याच अॅशलंड गावातल्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. त्यापूर्वी त्यांनी एकही निवडणूक जिंकलेली नव्हती.

बहुमत नेत्याचं हे पद १८९९ पासूनचं. पदावर असताना प्रायमरीत हरलेला कँटर हा पहिलाच नेता. निकालाच्या वेळी हाती असलेल्या हिशेबांत एक गंमत होती: कँटर यांच्या प्रचारखात्यातून स्टेकहाउसमधल्या जेवणावळींवर १ लाख ६८ हजार डॉलर गेले होते, आणि ब्रॅट यांचा अख्खा प्रचार सव्वा लाखाच्या आत-बाहेर उरकला होता. कँटर यांच्या स्वतःच्या सर्वेक्षणात मतदानाच्या काही दिवस आधी ते ३४ टक्क्यांनी पुढे होते. प्रत्यक्षात ते ११ टक्क्यांनी हरले.

दुसऱ्या दिवशी एकच सूर लागला, लोकांचा मूड बदललाय. असा निकाल लागला की हा सूर लागतोच. प्रश्न एवढाच की ‘लोक’ म्हणजे नेमके कोण, आणि मूड बदलला तर तो कुठून कुठे गेला.

आधी प्रायमरी हे काय प्रकरण आहे ते पाहू, कारण आपल्याकडे याला जोड नाही. आपल्याकडे उमेदवारी पक्ष देतो. एबी फॉर्म कुणाच्या हातात पडणार हे पक्षातले चार लोक बंद दाराआड ठरवतात. विद्यमान आमदाराचं तिकीट कापलं गेलं की तो मुंबई-दिल्लीच्या चकरा मारतो, समर्थक पक्ष कार्यालयासमोर ठिय्या देतात आणि शेवटी बंडखोर म्हणून अपक्ष अर्ज भरला जातो. अमेरिकेत तिकीट वाटणारा हा हातच बऱ्याच अंशी काढून टाकलेला आहे. मुख्य निवडणूक नोव्हेंबरमध्ये. त्याआधी काही महिने प्रत्येक पक्षाची प्रायमरी होते आणि पक्षाचा उमेदवार कोण हे त्या पक्षाचे सामान्य मतदार गुप्त मतदानाने ठरवतात. विद्यमान सदस्यालाही सूट नाही. प्रतिनिधिगृहाची मुदत दोनच वर्षांची, म्हणजे दर दोन वर्षांनी आधी घरच्यांची परीक्षा आणि मग बाहेरच्यांची.

ही पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुजली. विस्कॉन्सिन राज्याने १९०३ मध्ये तसा कायदा केला, त्यामागे तिथले गव्हर्नर रॉबर्ट ला फॉलेट होते. पक्षाचे दादा लोक आणि रेल्वे-लाकूड कंपन्या मिळून उमेदवार ठरवतात, हा त्यांचा राग. तिकिटाची चावी त्यांच्या हातून काढून जनतेच्या हाती द्यायची, ही कल्पना. चावी जनतेच्या हाती आली खरी, पण ती घ्यायला येणारी जनता फार थोडी असते. पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ तिथे आहे.

कँटर यांच्या मतदारसंघात सुमारे साडेसात लाख लोक राहत. त्या दिवशी मतदान झालं जेमतेम ६५ हजार. ब्रॅट यांना सुमारे ३६ हजार, कँटर यांना सुमारे २९ हजार. अमेरिकेतल्या तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाच्या ताकदवान राजकारण्याची कारकीर्द सात हजार मतांच्या फरकाने संपली. दोन वर्षांपूर्वी, २०१२ च्या प्रायमरीत, एकूण मतदान होतं ४७ हजार आणि त्यात कँटर यांना मिळाली होती ३७ हजार.

हे आकडे जरा शेजारी-शेजारी ठेवून पाहा. मतदान १८ हजारांनी वाढलं. म्हणजे एरवी प्रायमरीकडे न फिरकणारे लोक बाहेर पडले. सर्वेक्षण कंपनीने फसगतीचं जे स्पष्टीकरण दिलं त्यातला एक भाग हाच होता. नेहमीच्या मतदारांना विचारलं आणि आले भलतेच. काहींनी तर सांगितलं की डेमोक्रॅट मतदारांनी मुद्दाम येऊन कँटरना पाडलं. हे शक्य होतं, कारण व्हर्जिनियात मतदार नोंदणी करताना पक्ष लिहावा लागत नाही. कुणीही जाऊन कुठल्याही एका पक्षाची मतपत्रिका मागू शकतो.

पण या स्पष्टीकरणाला एक भोक आहे. कँटर यांची स्वतःची मतं ३७ हजारांवरून २९ हजारांवर आली. बाहेरून कितीही लोक आले तरी त्याने आपली मतं कमी होत नाहीत, समोरच्याची वाढतात. आठ हजार मतं आपल्या घरातूनच गेली होती. त्यामुळे ‘डेमोक्रॅट्सनी घात केला’ हे मला तरी पटत नाही. पराभूताला ते सोयीचं असतं, एवढंच. आपल्याकडेही पडलेला उमेदवार ‘अमक्यांची मतं फिरवली गेली’ म्हणतोच की.

मग ती आठ हजार माणसं का गेली? त्या काळात सगळ्यात गाजलेलं उत्तर होतं स्थलांतरितांचा प्रश्न. कागदपत्रांविना अमेरिकेत राहणाऱ्यांना, निदान लहानपणी आईबापांसोबत आलेल्यांना, कायदेशीर दर्जा देण्याबद्दल कँटर अधूनमधून मवाळ बोलायचे. ब्रॅट यांनी त्यावर ‘गुन्हेगारांना माफी’ असा शिक्का मारला, आणि उजव्या विचारांच्या रेडिओ निवेदकांनी तो घरोघर पोचवला. निकाल लागताच निष्कर्ष निघाला की रिपब्लिकन मतदाराला हा विषय नको.

गंमत अशी की त्याच दिवशी, त्याच १० जूनला, साउथ कॅरोलायनात सिनेटर लिंडसे ग्रॅहम यांचीही प्रायमरी होती. ग्रॅहम हे असा कायदेशीर दर्जा देऊ पाहणाऱ्या स्थलांतर विधेयकाच्या जनकांपैकी एक. सिनेट म्हणजे संसदेचं वरचं सभागृह; तिथल्या दोन्ही पक्षांच्या आठ जणांनी मिळून ते लिहिलं होतं. साउथ कॅरोलायना व्हर्जिनियापेक्षा कितीतरी जास्त सनातनी. ग्रॅहम यांच्याविरुद्ध सहा जण उभे होते. ग्रॅहम ५६ टक्के मतं घेऊन पहिल्याच फेरीत निवडून आले. मूड हा एकच वारा असता, तर जिथे तो जास्त जोराने वाहायला हवा तिथे झाड पडलं नाही आणि जिथे कमी तिथे पडलं, असं झालं नसतं.

फरक कशात होता? ग्रॅहम यांना धोका आधीच दिसला होता. त्यांनी वर्षभर गावोगाव फिरून राग अंगावर घेतला आणि आपली बाजू लपवली नाही. कँटर मतदानाच्या दिवशी सकाळीही वॉशिंग्टनमध्येच होते. त्यांच्या मतदारसंघातल्या लोकांची तक्रार विचारली तर विधेयकाइतकीच ही निघायची की साहेब भेटत नाहीत. २०१० च्या जनगणनेनंतर मतदारसंघाच्या सीमा बदलल्या आणि काही नवा, जास्त कट्टर रिपब्लिकन भाग जोडला गेला. नोव्हेंबरच्या हिशेबाने ही मेजवानी होती, प्रायमरीच्या हिशेबाने विष. ज्यांना साहेबांचं तोंडही माहीत नाही असे मतदार आणि तेही जहाल!

या तीन आठवड्यांतला तिसरा किस्सा मिसिसिपीचा. तिथले जुनेजाणते सिनेटर थॅड कॉक्रन ३ जूनच्या फेरीत चक्क मागे पडले. कॉक्रन ४९.० टक्के, आव्हान देणारे ख्रिस मॅक्डॅनियल ४९.५. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नाहीत, म्हणून नियमाप्रमाणे २४ जूनला दोघांतच पुन्हा लढत. अशा दुसऱ्या फेरीत मतदान सहसा घसरतं. इथे ते वाढलं. कॉक्रन यांच्या माणसांनी कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये, म्हणजे एरवी डेमोक्रॅटिक पक्षाला मत देणाऱ्यांकडे जाऊन मतं मागितली आणि कॉक्रन ५१-४९ ने तरले. तीन आठवड्यांत मिसिसिपीचा मूड पालटला नव्हता. मतदान केंद्रावरची रांग पालटली होती.

म्हणून पहिली गोष्ट ही पाहायची की रांगेत कोण होतं. न्यूयॉर्कचं उदाहरण घ्या. २६ जून २०१८. क्वीन्स आणि ब्राँक्स भागातून दहा वेळा निवडून आलेले जो क्राउली. प्रतिनिधिगृहातल्या डेमोक्रॅट नेत्यांत चौथ्या क्रमांकाचे आणि स्थानिक पक्षयंत्रणेचे सर्वेसर्वा. चौदा वर्षांत त्यांच्याविरुद्ध प्रायमरीत कुणी उभंच राहिलं नव्हतं. त्यांना २८ वर्षांच्या अलेक्झांड्रिया ओकासिओ-कॉर्टेझ यांनी हरवलं. आदल्या वर्षापर्यंत त्या बारमध्ये पेयं बनवून देण्याची नोकरी करत होत्या. त्यांना मिळालेली मतं १६,८९८, क्राउली यांना १२,८८०. बेरीज तीस हजारांच्याही आत, म्हणजे मुंबई महापालिकेच्या एखाद्या प्रभागात होतं साधारण तेवढं मतदान.

न्यूयॉर्कमध्ये नियम व्हर्जिनियाच्या उलट. नोंदणीकृत डेमोक्रॅटलाच डेमोक्रॅटिक प्रायमरीत मत देता येतं, आणि पक्ष बदलायची मुदत तेव्हा आदल्या ऑक्टोबरातच संपलेली असायची. वर आणखी एक अडचण. त्या काळी काँग्रेसची (तिकडे ‘काँग्रेस’ म्हणजे संसद, पक्ष नव्हे) प्रायमरी जूनमध्ये आणि राज्याच्या पदांची सप्टेंबरमध्ये व्हायची. दोनदा कोण जाणार? मतदान इतकं कमी राहावं ही व्यवस्था पक्षयंत्रणेच्या फायद्याची होती, कारण कमी मतदानात आपली बांधलेली माणसं पुरतात. क्राउली याच व्यवस्थेवर जगले आणि याच व्यवस्थेने त्यांचा घात केला. रांग छोटी असेल तर तिच्यात सतरा हजार नवे उत्साही लोक उभे करणं अवघड असतं, अशक्य नसतं.

या निकालाचंही वर्णन पटकन झालं: लॅटिनो वस्तीने गोऱ्या नेत्याला नाकारलं. नंतर केंद्रवार नकाशे निघाले तेव्हा दिसलं की अॅस्टोरियासारख्या, नव्याने राहायला आलेल्या तरुण, शिकलेल्या, भाड्याने राहणाऱ्यांच्या भागात ओकासिओ-कॉर्टेझ यांची आघाडी फार मोठी होती. मूड बदलला होताच, पण ज्यांचा म्हणून सांगितला गेला त्यांचाच तेवढा नव्हता. क्राउलींबद्दल मात्र एक चांगलं सांगायला हवं. निकालाच्या रात्री त्यांनी गिटार हातात घेतली आणि एक गाणं विजयी उमेदवाराला अर्पण करून गायलं. त्याआधी त्यांच्याशी होणाऱ्या वादसभेला दांडी मारून त्यांनी आपल्या जागी दुसऱ्याच बाईंना पाठवलं होतं, तेही विसरू नये. कँटर काय, क्राउली काय, दोघांचीही पहिली चूक मतदारसंघात न दिसण्याची.

याच न्यूयॉर्कमध्ये एक मतदारसंघ असा आहे की मूडची सोपी गोष्ट सांगणाऱ्याची तिथे पंचाईत होते. सोळावा मतदारसंघ, ब्राँक्सचा उत्तर भाग आणि लगतची वेस्टचेस्टरची उपनगरं. २०२० मध्ये तिथले सोळा वेळा निवडून आलेले एलियट एंगेल यांना जमाल बोमन या शाळेच्या मुख्याध्यापकांनी डाव्या बाजूने पाडलं. एंगेल यांना माइक चालू असल्याचं भान राहिलं नाही आणि ‘प्रायमरी नसती तर मला काही पडली नसती’ असं ते बोलून गेले. तोही एक निकालच म्हणायचा. चार वर्षांनी, २५ जून २०२४ ला, त्याच बोमन यांना जॉर्ज लॅटिमर या मवाळ, जुन्या स्थानिक नेत्याने सुमारे १७ टक्क्यांनी हरवलं. म्हणजे २०२० मध्ये लोक डावीकडे गेले आणि २०२४ मध्ये परत आले?

तसं वाटू शकतं. पण मधल्या काळात सीमा बदलून वेस्टचेस्टरचा वाटा वाढला होता आणि लॅटिमर त्याच वेस्टचेस्टर काउंटीचे प्रमुख होते. गाझा युद्धावरून बोमन यांनी इस्रायलवर कडक टीका केली होती. इस्रायलच्या बाजूने काम करणाऱ्या ‘एपॅक’ या गटाशी जोडलेल्या निधीने त्यांच्याविरुद्ध १ कोटी ४० लाख डॉलरहून जास्त ओतले. प्रतिनिधिगृहाच्या तोवरच्या इतिहासातली ती सर्वांत महागडी प्रायमरी ठरली. यात मूड किती, पैसा किती आणि नकाशा किती, हे वेगळं काढून दाखवणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. ऐन वेळी संसदेच्या इमारतीत आगीची घंटा वाजवण्याचा बोमन यांचा पराक्रमही कुणाला तरी आठवला असेलच.

काही पराभव मात्र आरशासारखे स्वच्छ असतात. वायोमिंगच्या लिझ चेनी यांनी २०२० च्या प्रायमरीत ७३ टक्के मतं घेतली होती. जानेवारी २०२१ मध्ये त्यांनी डोनाल्ड ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगाला पाठिंबा दिला, पुढे कॅपिटल या संसद भवनावरच्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या समितीत बसल्या. १६ ऑगस्ट २०२२ ला त्यांना मिळाली सुमारे २९ टक्के. तिथे डेमोक्रॅट मतदार त्यांच्या मदतीला उघडपणे आले, तरी ३७ टक्क्यांचं अंतर काही भरलं नाही. इथे कुणी बाहेरचे आले, कुणी झोपले, सर्वेक्षण चुकलं, अशी कुठलीच पळवाट उरत नाही. दोन वर्षांत एका पक्षाच्या मतदारांची निष्ठा विचारसरणीकडून एका माणसाकडे गेली होती, कारण मतदानातल्या नोंदीने पाहिलं तर चेनी स्वतः चांगल्या कट्टर उजव्या होत्या.

महाभियोगाला पाठिंबा देणारे रिपब्लिकन सदस्य एकूण दहा होते. चौघांनी पुन्हा उभंच राहायचं नाही असं ठरवलं. चौघे प्रायमरीत पडले. वाचले दोन, कॅलिफोर्नियाचे डेव्हिड वलाडाओ आणि वॉशिंग्टन राज्याचे डॅन न्यूहाउस. या दोन्ही राज्यांत पक्षाची वेगळी प्रायमरी नसते. सगळ्या पक्षांचे सगळे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर, सगळे मतदार एकत्र, आणि वरचे दोन पुढे जातात. वॉशिंग्टनमधल्याच जेमी हरेरा ब्युटलर मात्र याच पद्धतीत थोडक्यात तिसऱ्या आल्या आणि गेल्या, तेव्हा पद्धत म्हणजे कवचकुंडलं नव्हेत. तरी दहातल्या वाचलेल्या दोघांनाही तिचाच आधार मिळावा हा योगायोग समजू नये.

मतं किती जणांत विभागली गेली हाही एक प्रश्न असतो, आणि तो एका मराठी माणसाच्या निमित्ताने चांगला कळतो. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनच्या डेट्रॉइट भागातून काँग्रेसवर गेले. त्यांच्या प्रायमरीत नऊ उमेदवार होते आणि जागा मोकळी होती, म्हणजे कुणा विद्यमान सदस्याला हरवायचं नव्हतं. ठाणेदार सुमारे २८ टक्के मतांवर पहिले आले आणि तेवढं पुरलं, कारण मिशिगनमध्ये दुसरी फेरी नसते. बहुसंख्य कृष्णवर्णीय शहराला अनेक दशकांत पहिल्यांदाच कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. आता या निकालातून डेट्रॉइटचा मूड सांगा पाहू! ७२ टक्के लोकांनी दुसऱ्या कुणाला तरी मत दिलं होतं.

मूड ओळखायच्या बाबतीत सगळ्यात मोठी चूक मात्र १९६८ मध्ये झाली असावी, आणि तिथे विद्यमान नेता हरलाही नव्हता. १२ मार्च, न्यू हॅम्पशायर राज्यातली राष्ट्राध्यक्षपदाची डेमोक्रॅटिक प्रायमरी. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचं नाव मतपत्रिकेवर नव्हतंच. समर्थकांनी ते हाताने लिहून ४९ टक्क्यांच्या वर मतं मिळवली. व्हिएतनाम युद्धाला विरोध करणारे सिनेटर युजीन मॅकार्थी ४२ टक्क्यांवर. जॉन्सन जिंकले, पण सगळ्यांनी त्याला पराभव म्हटलं. चारच दिवसांनी रॉबर्ट केनेडी रिंगणात उतरले, आणि ३१ मार्चला जॉन्सन यांनी टीव्हीवर येऊन आपण पुन्हा उभे राहणार नाही असं जाहीर केलं. अर्थ अगदी उघड वाटत होता, लोकांना युद्ध नको. नंतर संशोधकांनी मुलाखती तपासल्या तेव्हा वेगळंच निघालं. मॅकार्थींना मत देणाऱ्यांत जॉन्सन युद्धात पुरेसे कठोर नाहीत असं वाटणारे लोक, युद्ध थांबवा म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त होते. दोन्ही बाजूंनी वैतागलेले लोक एकाच नावावर शिक्का मारून आले होते. मतपेटीतून राग मोजता आला. राग कोणत्या दिशेचा हे तिच्यातून दिसणार नव्हतं.

प्रायमरीत पडलेला माणूस नोव्हेंबरमध्येही पडला असता असं गृहीत धरता येत नाही. कनेक्टिकटचे सिनेटर जो लीबरमन इराक युद्धाचे समर्थक होते. ऑगस्ट २००६ मध्ये डेमोक्रॅटिक प्रायमरीत नेड लॅमोंट यांनी त्यांना ५२-४८ ने हरवलं. लीबरमन आपल्याकडच्या बंडखोरासारखे वेगळ्या नावाने उभे राहिले आणि तीन महिन्यांनी त्याच लॅमोंट यांना दहा टक्क्यांनी पाडून सिनेटमध्ये परतले. राज्य तेच, माणसं तीच, युद्ध तेच. ऑगस्टमध्ये विचारलं होतं एका पक्षाच्या जागरूक लोकांना, नोव्हेंबरमध्ये सगळ्यांना. तरीही ऑगस्टचा इशारा खोटा नव्हता. देशभर त्या नोव्हेंबरमध्ये युद्धाच्या रागावर डेमोक्रॅट्सनी दोन्ही सभागृहं जिंकलीच.

उलटही होतं. इंडियानात रिचर्ड लुगर हे सहा वेळचे सिनेटर २०१२ मध्ये रिचर्ड मर्डॉक यांच्याकडून प्रायमरीत ६०-४० असे हरले. (लुगर यांनी इंडियानातलं घर १९७७ मध्येच विकलं होतं आणि मतदार यादीत पत्ता तोच ठेवला होता, हे बाहेर आल्यावर काय झालं असेल ते कुठल्याही गावच्या माणसाला कळेल.) नोव्हेंबरमध्ये मर्डॉक यांनी बलात्कारातून राहिलेल्या गर्भाबद्दल काहीबाही बोलून हातातली जागा डेमोक्रॅट्सना दिली. २०२२ मध्ये तर मिशिगनमध्ये डेमोक्रॅट्सच्याच समितीने, प्रायमरीत कट्टर ट्रम्पसमर्थक जॉन गिब्स यांना बळ मिळेल अशा जाहिरातीवर चार लाख डॉलरहून जास्त खर्च केले. गिब्स यांनी महाभियोगाला पाठिंबा देणारे पीटर माइजर यांना पाडलं आणि नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅट हिलरी शोल्टन यांनी गिब्सना. एका पक्षाच्या मतदारांचा मूड विरोधी पक्षाच्या पैशानेही थोडा ढकलता येतो.

आता संख्या. २०१४ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या ४३५ पैकी चार विद्यमान सदस्य प्रायमरीत हरले. २०१८ मध्ये चार. २०२४ मध्येही चारच. एवढ्यावरून देशाचं तापमान काढायचं तर थर्मामीटर फारच लहान आहे. मग याला इतकं महत्त्व का? कारण उरलेले ४३१ हा निकाल टक लावून पाहत असतात.

यासाठी अमेरिकी राजकारणात एक क्रियापदच रूढ आहे. अमक्याला ‘प्रायमरी’ करू, म्हणजे पक्षातूनच तुझ्यासमोर माणूस उभा करू. ही धमकी पुरते. काही जण धोरण बदलतात. काही जण लढाईआधीच निघून जातात आणि त्यांची नोंद पराभवात होत नाही. अॅरिझोनाचे सिनेटर जेफ फ्लेक ट्रम्प यांच्यावर टीका करायचे. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्यांनी पुन्हा न लढण्याचं जाहीर केलं, कारण प्रायमरीत निभाव लागणार नाही हे त्यांना कळलं होतं. महाभियोगाच्या दहांतले निवृत्त झालेले चौघे याच हिशेबातले. बदललेला मूड पाहायचा तर पडलेल्यांच्या यादीपेक्षा ‘कुटुंबाला वेळ द्यायचाय’ म्हणणाऱ्यांची यादी जास्त बोलकी असते.

कँटर यांच्या पराभवाचं असंच झालं, आणि ते आपल्याही घरापर्यंत आलं. ग्रॅहम वगैरे आठ जणांनी लिहिलेलं ते स्थलांतर विधेयक सिनेटने २७ जून २०१३ ला ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केलं होतं. त्यात नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांवरची देशनिहाय मर्यादा काढून टाकायची तरतूद होती. सर्वसाधारण नियमाने कुठल्याही एका देशाला या कार्डांपैकी ७ टक्क्यांहून जास्त मिळत नाहीत, मग तो देश आइसलँड असो की भारत. म्हणून एच-१बी व्हिसावर गेलेली आपली पुण्या-नाशिकची मुलं वर्षानुवर्षं रांगेत आहेत. त्यांची मुलं तिथे २१ वर्षांची होऊन रांगेबाहेर पडतात. त्या विधेयकात भारतीय आयटी कंपन्यांना जाचक अटीही होत्या, ते काही अमृत नव्हतं. पण रांग हलली असती.

प्रतिनिधिगृहात ते विधेयक आधीच अडकलं होतं, हे खरं. बेनर ते पुढे ढकलत होते आणि रिपब्लिकन सदस्यांना ते नकोच होतं. १० जूननंतर कुणी त्याला हात लावायला धजावलं नाही. महिनाअखेरीस बेनर यांनी ओबामांना कळवलं की यंदा मतदान होणार नाही. रिचमंडच्या उपनगरातल्या ३६ हजार लोकांनी ग्रीन कार्डाच्या रांगेचा विचार केलाही नसेल. त्यांचा राग सीमेवरून येणाऱ्यांवर होता, आणि न भेटणाऱ्या साहेबांवर. ग्रॅहम त्याच दिवशी जिंकले होते ही बातमी त्या घाबरलेल्या सदस्यांच्या कानावर आली असेलच, पण पडलेल्याचा आवाज जिंकलेल्यापेक्षा मोठा येतो. एका वर्षाने, जून २०१५ मध्ये, ट्रम्प यांनी सीमेचाच मुद्दा हाती घेऊन उमेदवारी जाहीर केली. त्या वर्षीच्या शरदात बेनरही गेले, तेही पक्षातल्या कट्टर उजव्या गटाच्या दबावाने. ब्रॅट यांचा निकाल पक्षाबद्दल खरंच काहीतरी सांगत होता.

आणि मतदारसंघाबद्दल? कँटर यांनी खासदारकी सोडून एका गुंतवणूक बँकेत नोकरी धरली. ब्रॅट दोनदा निवडून आले. मधल्या काळात न्यायालयाच्या आदेशाने सीमा पुन्हा थोड्या हलल्या. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये, ज्या जागेवर चार वर्षांपूर्वी उजव्या लाटेचा पहिला दगड पडला असं सगळे म्हणत होते, तिथे अॅबिगेल स्पॅनबर्गर या सीआयएमध्ये काम केलेल्या डेमोक्रॅट महिलेने ब्रॅट यांना दोन टक्क्यांच्या फरकाने हरवलं. रिपब्लिकन प्रायमरीचा मतदार उजवीकडे सरकत होता त्याच वर्षांत त्याच रस्त्यांवरचा उपनगरी मतदार डावीकडे सरकत होता. एकाच्या मनाचा पत्ता जूनमध्ये लागला, दुसऱ्याच्या मनाचा लागायला चार वर्षं गेली. स्पॅनबर्गर नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हर्जिनियाच्या गव्हर्नर म्हणून निवडून आल्या.